सिदूच्या कमरेचा पट्टा

माझ्या भावाचं वजन खोटं होतं.

आज सिदूला जाऊन वर्ष झालं. आज सांगून टाकते.

तुम्ही त्याला 'वजनदार सिदू' म्हणून ओळखता. माझ्यासाठी तो सिद्धाराम, माझ्या पाठचा. मी त्याची अक्का. घरी कडक भाकरी करून विकते. त्याच्या व्हिडिओत मागं जो तवा दिसायचा, तो माझा.

सकाळी त्याच्या फॅन पोरांचा फोन आला. "अक्का, सिदूभाऊच्या आठवणीत सात रस्ता चौकात खायची स्पर्धा ठेवलोय. भाकरी तुमचीच पायजे. आणि बक्षीस तुमच्याच हातनं."

बक्षीस म्हणे! फोन आपटला मी. आज चूल पेटवलेली नाही. सिदूच्या पेजवर हे टाइप करत बसलेय.

सुरुवात मजेतच झाली होती. माझी कडक भाकरी त्यानं मोबाईलसमोर मोडली, शेंगाचटणी लावून खाल्ली. तो कडाकडा आवाज लोकांना लई आवडला.

"अजून एक खा." "भाऊ, अजून एक."

हा खात गेला. मोबाईलच्या दुकानातली नोकरी सोडली. शर्ट बसेनात म्हणून झब्बे आले.

मग कुणीतरी लिहिलं, "सिदू, दोनशे किलो करून दाखव."

आणि हा शहाणा म्हणाला, "करतो की!"

दर महिन्याला कांद्याच्या गोडाऊनमधल्या काट्यावर लाईव्ह वजन. आकडा वाढला की शिट्ट्या. हॉटेलवाले बोलवायचे, खायला घालायचे, वर जाहिरातीचे पैसे द्यायचे. दादांचं, म्हणजे आमच्या वडलांचं, डायलिसिस त्यावरच चालायचं.

खोटं कशाला बोलू, आम्ही सगळे त्याच्याच ताटातलं खात होतो.

मग त्याला जिना चढवेना. झोपेत श्वास अडकायचा. मी उठून बघायची, हलतोय का.

डॉक्टर म्हणाले, "हार्टवर लोड आलाय. वजन उतरवा, नाहीतर अवघड आहे."

त्यानं ऐकलं. अगदी सरळ व्हिडिओ टाकला, "मित्रांनो, आजपासून मी चालणार." तलावाकाठी घामाघूम होऊन चालला बिचारा.

कमेंट काय आल्या?

"सिदू घाबरला."
"अनफॉलो."
"तू बारीक झालास तर तुला बघायचं कशाला?"

हॉटेलवाल्यांचे फोन बंद झाले. दादांच्या डायलिसिससाठी माझी बोरमाळ मोडली.

त्या दिवशी तो माझ्या चुलीपाशी येऊन उभा राहिला. "अक्का, खाल्लं तर मी मरायलोय. नाय खाल्लं तर दादा. कुटं जाऊ, सांग की."



पट्ट्याची आयडिया त्याचीच. शिवला मी. जाड मांजरपाट, त्याला कप्पे, कप्प्यात लोखंडी वजनं. वरून ढगळा झब्बा.

व्हिडिओत ढीगभर ताट मांडायचं, चार घास खायचे, बाकी कट. घरात अर्धी भाकरी आणि पालेभाजी. पहाटे अंधारात चालायला जायचा, कुणी ओळखू नये म्हणून तोंडाला रुमाल बांधून.

आणि वजन उतरायला लागलं! काट्यावर मात्र वाढतच होतं.

आता तुम्हीच बघा. सिदू जेवढा बारीक, तेवढं लोखंड जास्त. दर महिन्याला मी नवा कप्पा शिवायची.

"आता किती दिवस रे हे?" मी चिडायची.

"दोनशे होऊ दे अक्का. आकडा दाखवतो आणि सुटतो. दुसऱ्या दिवशी पट्टा समोर ठेवून सगळं खरं सांगतो. देऊ देत शिव्या."

एका दुपारी स्वयंपाकघरात आला आणि खाली बसला. मांडी घालून.

"अक्का, बघ की! मांडी बसली!"

किती वर्षांनी बसली होती. मला रडू आलं, तर हा हसायला लागला. "रडायलीस कशाला येडे, वाढ की." आमटीत भाकरी कुस्करून जेवला. समोर मोबाईल नव्हता. इतक्या चवीनं जेवताना मी त्याला त्या आधी कधी पाहिलं होतं, आठवत नाही.

मागच्या वर्षी आजच्या दिवशी दोनशे झाले.

तुमच्यातले बरेच जण होतात तिथं. हलगी होती, गुलाल होता. पोरं मिठ्या मारायला लागली आणि पट्टा हाताला लागू नये म्हणून तो मागं मागं सरकत होता. तुम्हाला वाटलं लाजतोय.

"भाऊ, अजून एक सेल्फी."

प्रत्येकासाठी उभा राहिला. झब्बा घामानं निथळत होता.

घरी आला, दार लावलं. "अक्का, पट्टा सोड. लवकर."

गाठ घामानं आवळून बसली होती. बोटांनी सुटेना. दातानं ओढली. मग धावत कात्री आणली.

पट्टा फरशीवर पडला तेव्हा केवढा आवाज झाला. सिदूनं तो ऐकला की नाही, मला माहीत नाही.

नंतर अंगणात चर्चा, दोनशे किलोचा माणूस, खांदा द्यायला किती जण लागतील. पोरं दम धरून पुढं आली. उचलल्यावर एकमेकांकडं बघायला लागली.

"एवढा जड लागंना की रे भाऊ," एक जण हळूच म्हणाला.

मी पदर तोंडात कोंबला. आत दादा होते. त्यांच्यासमोर त्यांच्या पोराला कुणी खोटारडा म्हणायला नको होतं.

दिवाळीनंतर दादाही गेले. आता कुणासाठी लपवू?

म्हणून सांगते. चौकात लावलेला तो बॅनर उतरवा. 'दोनशेचा राजा' असं कुणी नव्हतंच. एक घाबरलेला पोरगा होता, तुमच्यापासून लपून बारीक होत होता. कौतुक करायचंच असेल तर त्याचं करा.

स्पर्धेला माझी एकही भाकरी मिळणार नाही.

त्याला दुसऱ्या दिवशी टाकायचा होता तो व्हिडिओ हाच समजा. पट्ट्याचा फोटो खाली टाकलाय. शिव्या द्यायच्या तर मला द्या.

सिदू, सांगितलं रे सगळ्यांना.

आता मांडी घालून निवांत बस.

तुझी अक्का