मिनिटाला तीस थेंब

चौतीस वर्षं मी नर्स होते. निवृत्त होऊन नालवाडीच्या घरात बसले तेव्हा पहिले काही महिने सकाळी सहाला उठून आवरायचे आणि मग लक्षात यायचं की कुठेच जायचं नाही. आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, घरांच्या दोन ओळींच्या मधे मोकळी जागा होती. तिथे झाडं लावायची कल्पना मीच बैठकीत मांडली. सगळ्यात आधी ‘हो’ म्हणाल्या त्या समोरच्या वहिनी.

वहिनींचा आणि माझा वीस वर्षांचा शेजार. मी एकटी राहायची, नाइट ड्यूटी करून यायची, आणि त्या झाकलेलं ताट घेऊन दारात उभ्या असायच्या. मला सगळा लेआउट ‘सिस्टर’च म्हणतो, पण त्यांच्या तोंडून ते नातं वाटायचं.

पावसाळ्यात अकरा रोपं लावली. कडुनिंब, करंज, दोन बहावे. सहा वहिनींच्या फाटकासमोर, पाच माझ्याकडच्या बाजूला. हिवाळा निभावला. उन्हाळ्याचं काय, हा प्रश्न होता. बादलीनं पाणी घातलं की वरची माती भिजते आणि दुपारपर्यंत सगळं उडून जातं. ओळखीच्या एका दवाखान्यात मुदत संपलेले, न फोडलेले सलाइनचे सेट पडून होते. ते मी मागून आणले. कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटल्यांचं बूड कापलं, बाटल्या बांबूला उलट्या टांगल्या, झाकणात सेटची सुई खुपसली आणि नळी रोपाच्या मुळाशी सोडली. नळीवर ते छोटं चाक असतंच. अंगठ्यानं सरकवलं की थेंब कमी-जास्त होतात. मिनिटाला तीस थेंब ठेवले की बाटली साधारण दिवसभर पुरायची.

वहिनींना ते मीच शिकवलं. त्यांच्या हातात माझं घड्याळ दिलं आणि म्हटलं, “मोजा.”

त्या ओठ हलवत मोजत होत्या. “तीस झाले, सिस्टर! मी बी नर्स झाली आता.”

दोघी खूप हसलो होतो.

मे महिन्यात देवळीला माझ्या बहिणीचं डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि मी आठ दिवस तिकडे गेले. रोज संध्याकाळी फोन करायचे. “काई काळजी करू नका, साऱ्या बाटल्या टपकून राह्यल्या,” असं वहिनी सांगायच्या. परत आले ती गुडघा धरूनच. पायऱ्या उतरवेनात. वहिनी म्हणाल्या, “तुमी बसा. झाडांचं मी पाहतो.” मग दोन आठवडे मी गॅलरीतूनच बघत राहिले. त्या बादली घेऊन या झाडाकडून त्या झाडाकडे जायच्या. बाटल्या भरलेल्या दिसायच्या. इतकं ऊन असून त्या हाल सोसतात, याचं मला वाईटही वाटायचं.

तरी पानं गळत होती. आधी बहावे गेले, मग करंज पिवळे पडले. मी उन्हाला दोष दिला. एका दुपारी राहवेना म्हणून गोणपाटाचे तुकडे घेऊन, कठड्याला धरत खाली उतरले. रोपांना सावली करावी म्हटलं.

जवळ जाऊन पाहिलं तर मुळाशी काळ्या मातीला बोटभर भेगा पडलेल्या. बाटली काठोकाठ भरलेली आणि नळी कोरडी. चाक पार टोकापर्यंत सरकवलेलं होतं. दुसऱ्या झाडाचंही तसंच. अकराच्या अकरा चाकं बंद.

मला वाटलं, बिचारीचा गोंधळ झाला. पाणी भरताना बंद करत असतील आणि उघडायचं विसरत असतील. मी सगळी चाकं उघडली, प्रत्येक ठिकाणी थेंब मोजले आणि वर आले. वहिनींना ओशाळं वाटू नये म्हणून काही बोलायचं नाही, असंही ठरवलं.

पाचच्या सुमाराला त्या बाहेर आल्या. तोंडाला दुपट्टा बांधलेला. पहिल्या झाडापाशी थांबल्या, टपकणारी नळी पाहून इकडेतिकडे बघितलं आणि अंगठा वर नेऊन चाक सरकवलं. तसाच, मी शिकवला होता तसा. मग दुसऱ्या झाडाकडे वळल्या.

मी पुन्हा खाली उतरले. गुडघ्याचं भान नव्हतं.

“वहिनी, काऊन बंद करता?”

त्या दचकल्या. आधी म्हणाल्या, “पाणी वाया जाऊन राह्यलं होतं.” मी मातीतल्या भेगांकडे बोट दाखवलं. मग त्यांची मान खाली गेली. “आमचं पोरगं नवी गाडी घेऊन राह्यलं. फाटकासमोर झाडं मोठी झाली तं गाडी वळन कशी? तो म्हणे, आत्ताच काई कर, नंतर कोणी तोडू देनार नाई.”

“मग मले सांगाचं होतं. दोन झाडं मीच सरकवली असती.”

“तुमी इतक्या खुशीत होत्या. तुमाले नाई कसं म्हनू?”

“अन् माह्या बाजूची पाच? तिथं कोनती गाडी येते?”

त्यांनी तोंडावरचा दुपट्टा खाली ओढला. मग अगदी हळू म्हणाल्या, “फक्त आमच्या समोरची मेली असती तं तुमाले समजलं असतं.”

मी वळले. चाकं उघडत ओळीच्या शेवटापर्यंत गेले.  प्रत्येक ठिकाणी थांबून पुन्हा तीस थेंब मोजले.

अकरापैकी तीन जगली. दोन कडुनिंब आणि एक करंज, तिन्ही माझ्याकडच्या बाजूची. पुढच्या बैठकीत एक गृहस्थ म्हणाले, “सलाइननं कुठं झाडं जगतात का, सिस्टर? उगीच खटाटोप केला तुमी.” लोक हसले. वहिनी दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी मान डोलावली. माझ्याकडे बघितलं नाही, पण मान डोलावली.

तेव्हा मला उभं राहून सांगता आलं असतं. मी बसूनच राहिले. वीस वर्षांतली ती सगळी झाकलेली ताटं मधे आली, की मी भित्री आहे, ते अजून कळलेलं नाही.

आता दिसलो की आम्ही ‘बरं हाय का’ एवढं विचारतो. मागच्या महिन्यात मला ताप आला होता. त्यांनी कोणाच्या तरी हाती खिचडी पाठवली. भूक लागली होती. डबा मी उघडला, वास घेतला, आणि तसाच झाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो धुऊन, रिकामा परत केला. खिचडी खाल्ली असं त्यांना वाटलं असेल. तसंच वाटू दिलं.