टीव्हीच्या आधी आलेला अँटेना

काल गच्ची साफ करताना तो जुना अँटेना हाती लागला. बाबा जिन्यातून ओरडले, "फेकू नको गा, कामी पडंल." ऐकूनच माझं डोकं फिरलं.

तेव्हा आम्ही खापरखेड्याच्या कॉलनीत राहायचो. घरोघरी टीव्ही येऊ लागले होते. बाबांचं मात्र एकच, "थांबा. रंगीतचे भाव उतरून राहिले." पण अँटेना स्वस्तात मिळाला म्हणून तो त्यांनी आधीच छपरावर चढवला.

रविवारी सिनेमाच्या वेळी अख्खी गल्ली सतरंज्या घेऊन दारात उभी. आई कणकेच्या हातानंच बाहेर आली. "टीव्ही नाही वं आमच्याकडं." शेजारच्या काकूंनी छपराकडे बोट दाखवलं. "मंग थो काय कावळ्यायले बसाले लावला? दाखवाचा नसंल तर तसं सांग ना!"

आईनं वळून बाबांकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता. बाबा पेपर वाचत राहिले.

त्यानंतर विरजण मागायलाही कुणी आमच्याकडे आलं नाही.

भाव उतरल्यावर, तीन वर्षांनी, रंगीत टीव्ही आला. आई त्याच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसायची. "पाय ना वं, किती रंग हायेत," बाबा म्हणायचे. ती वळायची नाही. तेव्हा मला राग तिचाच यायचा.

काल मी अँटेना भंगारवाल्याच्या ठेल्यावर फेकला. बाबा मागून "थांब, थांब" म्हणत होते. आईसारखंच, मीही वळलो नाही.