नॉर्बने पोरीला दिलेला क्लास

धान्याच्या कोऑपमध्ये, म्हणजे शेतकऱ्यांच्या सहकारी गोदामात, वजनकाट्याच्या खोलीत जी उंच बाई बसते, ती कोरीन व्हावरा. ट्रक काट्यावर चढला की ती खिडकीतून हात काढून खुणावते, "अजून पुढे. बस!" हंगामात मक्याच्या ट्रकांची रांग पार रेल्वे फाटकापर्यंत जाते, पण तिचा आवाज कधी चढत नाही. नवीन ड्रायव्हर म्हणतात, बाई जरा घुमी दिसते. घुमी नाही हो ती. तिच्या पोटात काय आहे ते या गावात फक्त मला माहीत आहे, आणि ते पोटात ठेवता ठेवता माझाच जीव जायची वेळ आली.

व्हावरांचं घर आम्हा सेडलॅकांच्या दारासमोर. कोरीनची आई ती लहान असतानाच गेली. बाप नॉर्ब गुरांचा ट्रक चालवायचा. कोरीनला शाळेत न्यायचा तोही त्याच ट्रकमधून, शेणाच्या वासासकट. पोरं नाकं धरायची. कोरीन म्हणायची, "धरा धरा, वर्गात पहिली येते तिचा हा वास आहे." अशी फटकळ होती तेव्हा.

आमच्या शाळेत दर मे महिन्यात बक्षीस समारंभ होतो. अख्खा गाव शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये बाकांवर बसतो आणि कुठल्या मुलाला कोणी किती शिष्यवृत्ती दिली ते माइकवर वाचून दाखवतात. कोणाला रोटरीची छोटीशी, कोणाला चर्चच्या बायकांची. कोरीनचं नाव आलं आणि वाचणाऱ्या बाईंनी कागद पुन्हा एकदा डोळ्यांजवळ नेला. दक्षिणेकडच्या एका मोठ्या विद्यापीठाने तिला चारही वर्षं सगळं देऊ केलं होतं. फी, खोली, जेवण, पुस्तकं. वर हुशार पोरांची ऑनर्सची वेगळी तुकडी असते, तिच्यातही प्रवेश. परीक्षेत तिच्याइतके गुण आमच्या शाळेत आजवर कोणालाच पडले नव्हते. लोक उभे राहिले. नॉर्ब तेवढा बसून राहिला, कारण उभा राहिला असता तर रडला असता.

मी त्याला म्हटलं, "परक्या राज्यातली माणसं आपल्या पोरीवर एवढा खर्च का करतायत?"

"अगं लव्हॉन, हुशार पोरं लांबून आणली की विद्यापीठाचं नाव होतं. आपण नाही का चांगला वळू कोलोरॅडोहून आणत?"

"पोरीला वळू म्हणतोस? लाज नाही वाटत?"

"आज नाही वाटत," तो म्हणाला. आणि हसला की काय हसला!

मग गॅरेजमध्ये पार्टी झाली. हॅमचे सँडविच, मी केलेले कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, भिंतीवर कोरीनचे लहानपणापासूनचे फोटो. आपल्याच राज्यातल्या, लिंकनच्या विद्यापीठानेही तिला बरंच देऊ केलं होतं, ते तिने नाकारलं. असं एकदा नाकारलं की पुन्हा मिळत नसतं.

जुलैत नॉर्ब ट्रकमधून उतरता उतरता कोसळला. मेंदूत रक्ताची गाठ. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं, बोलणं लहान मुलासारखं तुटक. कोरीनने हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधूनच विद्यापीठाला फोन लावला. तिकडच्या बाई भल्या होत्या. त्यांनी जागाही आणि शिष्यवृत्तीही एक वर्ष राखून ठेवली. सोबत अटी काय असतील त्याही सांगितल्या असतील. पण आत बाप तोंडातून लाळ गाळत पडलेला, पोरगी अठरा वर्षांची, तिच्या डोक्यात काय शिरणार?

मग ती घरीच राहिली. बापाला अंघोळ घालणं, घास भरवणं, पाय चोळणं. एक दिवस तिने कंटाळा केला नाही. त्रास दिला तो गावाने. आमच्याकडे रिकामं बसणं म्हणजे पाप. चर्चच्या पायऱ्यांवर जो तो विचारायचा, "काय गं, सध्या काय चाललंय तुझं?" ती म्हणायची, "पुढच्या ऑगस्टला जातेय." माणसं अशी मान हलवायची की मला एकेकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटे. हळूहळू तिने चर्चला यायचं सोडलं.

हे सगळं नॉर्बला दिसत होतं. आपल्यामुळे पोरगी गंजतेय, हे त्याच्या मनाने घेतलं. डिसेंबरात त्याने माझ्या नवऱ्याला, एमिलला, हाताशी धरलं. आधी आपली हरणांच्या शिकारीची बंदूक विकायला लावली. बायको गेली तेव्हा कर्जातही जी त्याने विकली नव्हती, ती. मग एमिलच्या गाडीतून, बर्फात वॉकर टेकत टेकत, शेजारच्या गावातल्या छोट्या कॉलेजात गेला आणि डाव्या हाताने सही करून आला. नाताळच्या सकाळी झाडाखाली कोरीनसाठी एक खोका होता. आत कॅल्क्युलसचं जाडजूड पुस्तक. त्या कॉलेजात आठवड्यातून दोन संध्याकाळी क्लास, डिग्रीला धरला जाणारा, फी भरलेली.

"डो... डोकं," तो म्हणाला, "गंजू... नको देऊ."

कोरीन त्याच्या गळ्यात पडून रडली. आम्ही सगळेच रडलो. एमिल तर अंगणात जाऊन रडला.

त्या क्लासने पोरगी जिवंत झाली हो! संध्याकाळी मी नॉर्बपाशी बसायचे आणि ती परत आली की दारातूनच सुरू व्हायची, आज काय शिकवलं, मास्तरांचंच कुठे चुकलं. आम्हाला ढिम्म काही कळायचं नाही. नॉर्ब मात्र मान डोलवत राहायचा, जसा काही स्वतःच शिकवून आलाय. शेवटच्या परीक्षेत तिला शंभरपैकी शंभर पडले.

मे महिन्यात विद्यापीठाचा फोन यायचा होता. व्हावरांच्या घरातला फोन नॉर्बच्या पलंगाशी होता आणि तो झोपला होता, म्हणून तिने माझा नंबर देऊन ठेवलेला. मी ओट्यावर पीठ मळत होते. कोरीन खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. आधी हसून बोलत होती. "हो, यंदा मी रिकामी नाही बसले," अभिमानाने म्हणाली. "इथल्या कॉलेजात कॅल्क्युलस केलं. पहिली आले."

पलीकडच्या बाई काहीतरी समजावून सांगू लागल्या असाव्यात. मग मला कोरीनचा चेहराच दिसला. तिने पाय खाली घेतले. "पण एकच तर क्लास होता," ती म्हणाली. थोड्या वेळाने, "हो. कळलं. नाही, तुमची काही चूक नाही."

फोन ठेवून तिने मला सांगितलं. ही शिष्यवृत्ती आणि ऑनर्सची जागा, दोन्ही शाळेतून थेट येणाऱ्यांसाठी. मधल्या वर्षात दुसऱ्या कॉलेजात एक जरी विषय घेतला, तर तुम्ही नवे विद्यार्थी राहत नाही, दुसरीकडून बदलून आलेले होता. बदलून आलेल्यांना यातलं काहीच नाही.

मी पीठ तसंच टाकून तिच्यापाशी आले. "अगं, पण त्यांना सांग ना! बाप आजारी होता, त्यानेच..."

"सांगून झालं, मिसेस सेडलॅक. तिकडच्या बाई रडत होत्या. नियम त्यांच्या हातात नाही." मग तिने माझे पिठाने भरलेले हात धरले. "डॅडला कळता कामा नये. शपथ घ्या."

"वेडी आहेस का? त्याला काय सांगणार तू?"

"काहीही सांगेन. पण हे नाही."

तिने सांगितलं, मला जायचं नाही. लांब आहे, भीती वाटते. नॉर्बने हातातला चमचा भिंतीवर फेकला. "घाबरलीस?"

"हो डॅड. घाबरले."

पुढे त्याचं बोलणं बरंच सुधारलं. देवाने ते तेवढं सुधारलं नसतं तर बरं झालं असतं, असं मी कितीदा म्हटलं असेन. कोरीन कोऑपमध्ये कामाला लागली. रोज सकाळी तिथेच म्हातारे फासे टाकून कॉफी कोणी पाजायची ते ठरवतात. नॉर्बही जाऊन बसायचा, आणि कोणाच्या नातवंडाच्या कॉलेजचा विषय निघाला की याचं सुरू. "आमच्या बाईसाहेबांना सगळं ताटात वाढून दिलं होतं. ऐन वेळी पाय लटपटले. मी अर्धा मेलेला, तरी हिच्याहून जास्त धमक होती माझ्यात." काट्याची खिडकी शेजारीच. ती ऐकायची आणि ट्रकला हात दाखवायची, "अजून पुढे. बस!" मी एकदा कॉफीचा कप असा आपटला की कान तुटला त्याचा. पण शपथ ती शपथ.

गावातली पोरं बारावीला गेली की कोरीन त्यांना गाठते. अर्ज तपासून देते, निबंध वाचते, आणि एखाद्याला वर्षभर थांबायचं असेल तर त्याचा दंड धरून बजावते, "मधे कुठेही, एकही क्लास घ्यायचा नाही. कोणी फुकट दिला तरी नाही. कोणी प्रेमाने दिला तरी नाही." पोरं मागे हसतात. म्हणतात, स्वतः गेली नाही आणि आम्हाला शिकवते.

गेल्या फेब्रुवारीत नॉर्बचं संपत आलं. वृद्धाश्रमाच्या खोलीत मी सूप घेऊन गेले, कोरीन त्याची नखं कापत होती. बराच वेळ तो तिच्याकडे बघत राहिला. चिडचिड सगळी निघून गेली होती त्याच्या तोंडावरची.

"मी तुला लई बोललो," तो म्हणाला.

"असू दे, डॅड."

"तुझी आई असती तर तू गेली असतीस. मला काही जमलं नाही. काहीच दिलं नाही मी तुला." धाप लागली, तो थांबला. मग वाकड्या तोंडाने हसला. "तो क्लास तेवढा दिला. नाही का? आयुष्यात तेवढी एकच गोष्ट मी बरोबर केली."

माझं तोंड उघडलं होतं. खरंच सांगते, शब्द ओठावर आला होता. कोरीनने माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि मी हातातलं सूप ढवळत बसले.

तिने त्याचा लुळा हात मांडीवर घेतला आणि पुढचं नख धरलं. "हो डॅड," ती म्हणाली. "शंभरपैकी शंभर पडले होते मला."

"माहितीये," नॉर्ब म्हणाला. "मी सगळ्या गावाला सांगितलं होतं."