गुलाबी झालं का?

मंडळी, सोमवारी आमची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल परीक्षा. तिथं बोलायला बंदी असते, म्हणून आज कॉलेजात सरावही आम्ही गप्प राहूनच केला.

काम साधं आहे. ब्युरेटच्या काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडायचं आणि खालचं द्रावण फिकट गुलाबी झालं की थांबायचं. माझ्या शेजारचा विक्रम काही थांबेना. द्रावण गडद झालं तरी त्याचं चालूच.

"आरं, कवाच झालंय की!" शेवटी न राहवून मी म्हटलं.

"मला गुलाबी ओळखू येत न्हाई गड्या," तो हळूच म्हणाला. "मिल्ट्रीच्या भरतीतनं त्यापायीच काढलं. वर्षभर तू 'झालं' म्हणलास की मी थांबायचो."

सरांना सांगू म्हटलं, तर नको म्हणतो. माझ्या जागी तुम्ही असता तर सांगितलं असतं, की सोमवारी वेळेवर खोकला असता?