संजयचा पिक्चर आणि आमची भरीत पार्टी

किस्से साठवतो एक आणि त्यांचा पिक्चर काढतो दुसराच! आमच्या रनाळ्याच्या संजयने तेच केलं. ऐंशीच्या दशकात दहावीच्या निरोपाला आमच्या वर्गाने शेतात भरीत पार्टी केली होती. पोरीही आल्या होत्या, म्हणून गावभर गाजली. त्यावर याने आता अख्खा पिक्चर काढला. मी जळलो. सरळ सांगतो.

*

शूटिंगला मुंबईच्या पोरांनी चकचकीत जांभळी वांगी आणली. मी म्हटलं, "भरिताला हिरवी लागतात." कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग आमचा रफिक टेलर आला. तेव्हाच्या पार्टीत वांगी भाजायचा मान त्याचाच होता. तो म्हणाला, "हाई वांगं शे का दागिना?" झालं! सगळे हसले, लगेच हिरवी वांगी आली आणि संजयने त्याला मिठी मारली. मला चहासुद्धा नाही.

*

पिक्चरमधला संजय उंच, गोरा, बुलेटवर!

"अरे, तुझ्याकडे सायकल तरी होती का?"

"थोडं वाढवावं लागतं रे."

"आणि मी?"

"तू आहेस ना! तो पेन्सिलीने कॅसेट गुंडाळणारा."

"डायलॉग?"

"तू तेव्हा तरी कुठे बोलायचास?"

*

कपडे रफिकने शिवले. मुंबईत बेलबॉटमची फॅशन संपली की आमच्याकडे सुरू व्हायची. प्रीमियरला मलाही एक हवी होती. रफिकने टेप लावली आणि म्हणाला, "भाऊ, घेर पायले देऊ का पोटले?"

*

गावात पडदा लावून पिक्चर दाखवला. पार्टीच्या सीनमध्ये लाल रिबिनवाली पोरगी हीरोकडे टक लावून बघते. ती रिबिनवाली म्हणजे आमची सुशीला. आमच्याच वर्गातली, आता माझी बायको! नातवंडं झाली, तरी मनात एकच शंका होती, हिला तेव्हा संजय आवडायचा का? आज सगळ्या गावासमोर उत्तर मिळालं.

पिक्चर संपल्यावर संजय ऐटीत आला. "काय वहिनी, जमलाय ना तो सीन?"

सुशीला म्हणाली, "संजूभाऊ, काहीबी दखाडं तुम्ही! मी कवय देखं तुम्हनाकडे? मन्हं ध्यान तं वांगा भाजणाराकडे व्हतं!"

सगळे खो खो हसले. मी संजयला कडकडून मिठी मारली, पिक्चर एक नंबर म्हणून सांगितलं.

परवा रफिकने घरी भरीत खायला बोलावलं, "वांगा मीच भाजसू. वहिनीलेबी संगे लई ये."

मी म्हटलं, "डॉक्टरने वांगं बंद केलंय. दोघांचं!"