साडूभाऊंची रुंद चाकं

अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात माझ्या साडूंइतका हट्टी माणूस दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याला माझ्या साडूंनीच कधीतरी शिकवून तयार केलेला असेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. एसटीच्या वर्कशॉपात त्यांनी सारी नोकरी बसच्या बॉडीचा पत्रा ठोकण्यात घालवली. हात इतके रुंद की त्यांच्या हातात चहाचा कप दिसेनासा होतो आणि चहा आहे की नुसतीच मूठ आहे हे ते तोंडाला लावेपर्यंत कळत नाही. मला ते मास्तर म्हणतात. मी शाळेत क्लार्क होतो, मास्तर कधीच नव्हतो, हे मी लग्नानंतरची पहिली चार वर्षं त्यांना सांगून पाहिलं. पण शाळेच्या फाटकातून आत जाणारा आणि दप्तर नसणारा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी मास्तरच. पुढं मी नाद सोडला, आणि आता त्या हाकेला मी शाळेतल्या खऱ्या मास्तरांपेक्षा लवकर वळतो.

कुठलीही गाडी दिसली की तिच्या दारावर बोटांची पेरं वाजवायची, कान थोडा तिरपा करायचा आणि निकाल द्यायचा, ही त्यांची सवय. "इथं पुट्टी हाये. ठोकून आलेली गाडी." एकदा एका लग्नात नवरदेवाची फुलांनी मढवलेली गाडी मांडवापुढं उभी होती. साडूभाऊंनी झेंडू बाजूला सारला, तीनदा वाजवलं, आणि वरबापाच्या देखत सांगितलं, "मागून ट्रकनं दिलेली हाये हिले." वरबापानं ती गाडी नवी म्हणून घेतली होती. त्या माणसाचा चेहरा पुढचं सगळं लग्न उतरलेला होता आणि अक्षता टाकतानाही तो गाडीकडंच पाहत होता. ताई, म्हणजे माझी मेहुणी, घरी येताना म्हणाली, "अवो, लग्नात तरी हात खिशात ठेवत जा." साडूभाऊ म्हणाले, "मी काय केलं? पत्रा बोलला."

रिटायर झाल्यावर माणसं तीर्थाला जातात, नाहीतर पानठेल्यावर बसून सरकार चालवतात. साडूभाऊ नागपूरच्या भंगारवाड्यातून एक दोन दारांची स्पोर्ट्स कार घेऊन आले. इंजिन ठणठणीत, पण बाहेरून अशी चेपलेली की तिचं तोंड कुठलं आणि पाठ कुठली हे विचारावं लागे. घरामागच्या टिनाच्या शेडमधून त्यांनी सरपण आणि ताईच्या माहेरचा पितळी हंडा बाहेर काढला आणि गाडी आत घेतली. जुना पत्रा सगळा काढून टाकला आणि स्वतःच्या हातानं नवी बॉडी ठोकायला घेतली. दोन वर्षं आमच्या गल्लीत दुपारी कोणी झोपलं नाही. गाडी झाली मात्र देखणी. हळदीसारखी पिवळी, आणि इतकी बुटकी की ताई पहिल्यांदा आत शिरली तेव्हा म्हणाली, "हिच्यात बसा लागत नाही, पडा लागते."

एकच गोष्ट बिघडली. जन्मभर बसच्या मापावर हात बसलेला, त्यामुळं चाकांवरचे मडगार्ड बसच्या अंदाजानं झाले. चारी बाजूंना पत्रा चार-चार बोटं बाहेर आला, आणि आतली चाकं थोरल्या भावाचा शर्ट घातलेल्या पोरासारखी दिसू लागली. त्यातही डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं जास्तच बाहेर. अक्षय तृतीयेला सगळे जमले होते, तेव्हा मी या विषयावर घरभर हशा पिकवला. "डाव्या बाजूला कंडक्टर बसणार असेल," असं मी म्हणालो होतो. साडूभाऊही हसले. पण हसताहसता डाव्या मडगार्डवरून पुन्हापुन्हा हात फिरवत राहिले.

ताई मात्र हसली नाही. तिनं काही दिवसांपासून एक पाहून ठेवलं होतं. ताटात डाव्या बाजूला वाढलेली चटणी ते घेईनासे झाले होते. चटणीशिवाय ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही असा हा माणूस उजवीकडची भाजी खाऊन उठायचा आणि वर म्हणायचा, "आज चटणी नाही केली काहून?" ताईनं एकदा वाटी उचलून उजवीकडं ठेवली. त्यांनी पहिला घास तिथूनच घेतला. दुसऱ्या दिवशी ती त्यांना नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली.

काचबिंदू निघाला. डोळ्यांची कडेची नजर जात होती, डावीकडची बरीच गेली होती. थेंब टाकून उरलेलं टिकवता येईल, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. गाडी दिवसा, ओळखीच्या रस्त्यानं, अगदी जपून चालवा, तीही पुढच्या तपासणीपर्यंतच. त्यानंतर चालवता येईल असं वाटत नाही. तपासणी कापसाच्या पहिल्या वेचणीच्या सुमाराला होती. मला हे कळलं तेव्हा अक्षय तृतीयेचं माझं बोलणं आठवून फार शरम वाटली. अजूनही वाटते. जिथं हात चुकला म्हणून मी हसलो, तिथं त्या माणसाचा डोळा चुकला होता.

साडूभाऊ डोळ्यांबद्दल दोन वाक्यंसुद्धा बोलले नाहीत. सकाळ-संध्याकाळ थेंब टाकायचे आणि त्याला ग्रीसिंग म्हणायचे. पण एक दिवस शेडमध्ये बोलावून त्यांनी मला मनातलं सांगितलं. "मास्तर, लग्न झाल्यापासून तुमच्या ताईले राळेगावले एसटीनंच नेलं. पास होता ना. आता एक डाव तिच्या माहेरी माझ्या हातच्या गाडीनं नेतो. मी चालवीन, ते बाजूले बसन. मंग डॉक्टर काय म्हणते ते म्हणो."

"मग उद्याच निघा की," मी म्हणालो.

"या चाकांवर? अर्धी गाडी घेऊन सासरी जाऊ?"

मडगार्डच कापून आत घ्या, असं मी सुचवलं. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांचं नाक कापायला सांगतोय. "मास्तर, पत्रा कापला म्हंजे चूक झाली. चाकं रुंद टाकली म्हंजे डिझाइन झालं."

आणि मग ती रुंद चाकांची शोधाशोध सुरू झाली. टेपवर त्यांचा कधी विश्वास नव्हता. तुरीच्या वाळक्या काड्या त्यांनी बरोबर मापाच्या तोडल्या, एक डावीची, एक उजवीची, आणि पेनाशेजारी शर्टाच्या खिशात ठेवल्या. नागपूरच्या एका काचबंद शोरूममध्ये त्यांनी काडी काढून चकचकीत अलॉय चाकावर आडवी धरली, तेव्हा टाय लावलेला विक्रेता दोन पावलं मागं सरकला. माप जुळत होतं. किंमत ऐकून साडूभाऊंनी काडी खिशात परत ठेवली. "मी चाकं मागून राह्यलो, साहेब. गाडी हाये माझ्याकडं." मोबाइलवरून मागवलेली चाकं स्वस्त होती आणि सुंदर होती, पण त्यांना चार बोल्टची भोकं होती आणि गाडीला पाच बोल्ट. ती परत पाठवेपर्यंत तीन आठवडे गेले. तिसऱ्या खेपेला उमरखेडच्या एका भंगारवाल्याकडं जीपच्या चाकाची एक रुंद लोखंडी डिस्क असल्याचं कळलं. आम्ही एसटीनं गेलो, आणि येताना साडूभाऊ ती डिस्क मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर लगेजचं तिकीट मागू लागला. साडूभाऊंनी खिडकीखालच्या पत्र्यावर पेरं वाजवली आणि म्हणाले, "हा पत्रा माझ्या हातचा हाये. आवाज ऐका." कंडक्टर नवा होता. त्यानं खरंच वाकून ऐकलं, आणि तिकीट मात्र फाडलंच. घरी येऊन पाहिलं तर डिस्क गाडीला आतून घासत होती. साडूभाऊ बराच वेळ तिच्याकडं पाहत उकिडवे बसले. त्या बसण्यात प्रथमच मला एक थकलेला माणूस दिसला.

शेतात पऱ्हाटीला कापसाची बोंडं धरली होती. दिवस कमी उरले होते, आणि आता ते पायरी उतरताना पाय आधी चाचपून टाकत. मारेगावला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारा एक वेल्डर आहे असं कोणीतरी सांगितलं. तिथं गेलो. वयस्कर माणूस, बोलणं मोजकं. त्यानं काड्या पाहिल्या, गाडीचं जुनं चाक पाहिलं आणि सांगितलं की दोन-दोन लोखंडी डिस्क कापून, मधे पट्टी टाकून जोडता येतील, मग लेथवर फिरवून वाकडेपणा काढू. नागपूरच्या एका चाकाच्या भावात इथं चारही होत होती. साडूभाऊंचा चेहरा उजळला. मग वेल्डरनं दोन्ही काड्या शेजारीशेजारी धरल्या.

"हे दोन मापं काहून?"

"डावीकडं दोन बोटं जास्त पाह्यजे."

"नाही करत मी," तो शांतपणं म्हणाला. "चारी सारखीच करीन. एकीकडं जास्त केली तर गाडी ओढन. डाव्या बाजूचा पत्रा तुम्ही दोन बोटं आत घ्या. तुमाले दिसलं नाही का, भाऊ?"

आता भांडण होणार, काड्या मोडणार, असं मला वाटलं. साडूभाऊंनी डावीची काडी त्याच्या हातातून घेतली. "नाही दिसलं," ते म्हणाले. एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमधून हातोडीचा आवाज आला. मी गेलो तेव्हा ते डावा मडगार्ड आत घेत होते, डोळे मिटून, तळहातानं चाचपत, एक ठोका आणि एक हात फिरवणं. संध्याकाळी मी टेप लावून पाहिला. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होत्या.

चाकं आली, टायर चढले, आणि गाडी अशी उभी राहिली की गल्लीतली माणसं जेवणं सोडून बघायला आली. तपासणीच्या आधीचा रविवार ठरला. ताई नवं लुगडं नेसून डाव्या सीटवर पडली. मागं नावापुरती एक सीट होती, तिथं मी घडी होऊन बसलो, कारण टायर पंक्चर झालाच तर जॅक धरायला कोणीतरी हवं होतं. साडूभाऊंनी गाडी सुरू केली, स्टिअरिंगला हात टेकवून नमस्कार केला आणि फाटकातून गाडी रस्त्यावर घेतली.

"अवो, थांबा!" ताई ओरडली.

ब्रेक लागला. डावीकडून शेजारचे म्हातारे तलाठी काठी टेकत आले होते, बॉनेटपासून वीतभर अंतरावर. त्यांना काही कळलंही नाही. "वा, भारी झाली गाडी," असं म्हणून ते पुढं गेले. साडूभाऊंचे रुंद हात स्टिअरिंगवर तसेच होते. मग त्यांनी चावी फिरवली, इंजिन बंद केलं. दार उघडून उतरले आणि बॉनेटवर हात ठेवत, त्याच्याच आधारानं फिरून डाव्या बाजूला आले.

"मास्तर, घ्या गाडी."

मी म्हणालो, भाऊ, पुन्हा एकदा हळूहळू बघा, रस्ता मोकळा आहे. ते म्हणाले, "आज तलाठी वाचला. बस झालं."

ताई मागं जाऊन बसली. खाली पाहत ते तिला म्हणाले, "म्या म्हटलं होतं मीच नेईन." ताई म्हणाली, "तुमच्याच हातची गाडी हाये ना? मंग चालवू द्या कोणालेबी." आणि पदरानं तिनं डोळे पुसले, ते मी आरशात पाहिलं. माझेही भरले होते, पण मला गाडी चालवायची होती.

रुंद चाकांमुळं स्टिअरिंग जड होतं आणि माझा हात भित्रा. "मास्तर, इंजन रडून राह्यलं, गिअर बदला," अशा सूचना कळंबपर्यंत चालू होत्या. कळंबच्या स्टँडजवळ त्यांनी एकदम हळू आवाजात विचारलं, "लोक पाहून राह्यले का?" तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्यांना समोरचा डांबरी रस्ता तेवढा दिसत होता. ज्या कडांना माणसं उभी होती त्या कडा त्यांच्याकडं उरल्याच नव्हत्या. मी सांगू लागलो. डावीकडं रसवंतीवरचे तिघं उठून उभे राहिले. उजवीकडं एका पोलिसानं शिट्टी तोंडातून काढली. एक बाई डोक्यावरचं गाठोडं सावरत वळून बघतेय. साडूभाऊ प्रत्येक वेळी मान हलवत आणि म्हणत, "पुढं?" राळेगाव येईपर्यंत माझा घसा बसला होता.

तपासणी झाली, आणि डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं. आता गाडी मीच चालवतो, दर रविवारी. लोकांनाही तिची सवय झाली आहे, पूर्वीसारखं कोणी थांबून पाहत नाही. मागच्या रविवारी कळंबच्या पुढं रस्ता अगदी सुना होता. सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी गप्प राहिलो. बराच वेळ गेल्यावर त्यांनी विचारलं, "मास्तर, डावीकडं काय हाये?"

"काही नाही, भाऊ. नुसती पऱ्हाटी. फुटली आहे."

"मंग तेच सांगा ना," ते म्हणाले.