अंगठेवाला

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, पोराला तर नाहीच. लिहायला बसलो की हात थांबतो — मला लिहिता येतं, हेच तर मुळात लपवलेलं आहे. तुम्हाला तरी कसं सांगू?

आमचं गाव बारामतीच्या अंगाला, चारी बाजूंनी ऊस. दुसरीतनं शाळा सोडली. जन्मभर अंगठा लावला आणि ताठ मानेनं फिरलो. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. सभा, मोर्चे ही रिकामटेकड्यांची कामं, असं म्हणायचो. मत टाकायलाबी जीप दारात आली तरच जायचो.

धाकटी सून नंदा, माहेर इंदापूरचं. ती उलटीच. ओढ्याला कारखान्याचं काळं पाणी यायला लागलं, विहीर वास मारू लागली, तशी ही अर्ज घेऊन दारोदार. मी टोमणा मारायचो, "काय पुढारीणबाई, आज भाकरी हाय का मोर्चाच?"

"भाकरी झाली आबा. आता तुमची सही द्या."

सही कुठली? तीबी तिनंच शिकवली, सगळ्या अक्षरांसकट. नातवंडं शाळेत गेली की गोठ्यात बसायचो, त्यांच्याच जुन्या वहीवर. कुणाची चाहूल लागली की वही गव्हाणीत. मला गोडी लागली होती — का खोटं बोलू? अर्जावर शेवटचं नाव माझं. वाकडंतिकडं, पण आयुष्यातली पहिली सही.

मग चावडीवर चौकशी लागली. तालुक्याहून आलेला साहेब एकेकाला बोलावून सहीचं विचारत होता. माझी पाळी आली. "बाबा, ही सही तुमची?"

कारखान्याची माणसं बसली होती, ऊस तोडायला टोळी त्यांनीच धाडायची होती, म्हणून भ्यालो — असं लिहिणं सोपं आहे. पण तोडणीची टोळी तर आधीच माझ्या फडात उतरली होती. भीती नव्हती. सुनेपुढं बसून अक्षरं गिरवली, हे चावडीतल्या गड्यांसमोर कसं कबूल करायचं? एवढंच होतं. एवढंच.

"मला सही येत न्हाय साहेब. मी अंगठेवाला. विचारा कुणालाबी."

मागनं कुणीतरी म्हणालं, "व्हय, आबा अंगठाच लावत्यात."

नंदा बायकांत उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "चुकलं माझं. मीच केली."

एक सही खोटी, तर बाकीच्या सह्यांचं काय? साहेबानं अर्ज तितंच निकालात काढला. गाव तिला खोट्या सहीची म्हणू लागलं. पोरगा तिच्याशी महिनाभर बोलला नाही. आणि मी? मी त्याला समजावलं, "जाऊ दे, बाईमाणूस हाय." जणू मीच तिला माफ केलं.

ओढा अजून काळाच वाहतो. ती आता कुठल्या सभेला जात नाही.

सोसायटीत पीककर्जाचा कागद करायचा असला की नंदाच मला घेऊन जाते. शाईची डबी उघडते, माझा अंगठा धरून टेकवते, कागदावर दाबते. मग पदरानं पुसते — नीट, नखाच्या कडेपर्यंत. मी हात पुढं करून बसतो.